तीनदा पुकारल्याशिवाय

"रिबेका, हाजिर हो!" बेरशेवाच्या कोर्टातून काकांचा आवाज आला, माझं नाव पुकारत. मी बाहेर बसलेली, वाटलं संपलं, गेली माझी पोर.

काका म्हणजे इस्रायलात येरुहाम गावी आमच्या शेजारच्या झोपडीतले म्हातारे, आमच्यासारखेच मुंबईहून आलेले ज्यू. तुम्ही पण बघितली असतील अशी माणसं. मुंबईत कोर्टात पट्टेवाले होते, जन्मभर लोकांची नावं पुकारली. इथे रस्ता झाडायचे. हाक मारायची तर डावा हात कानाला, मान वर. माझ्याकडे मीठ मागायचं तरी तीनदा पुकारायचे. आम्ही बायका हसायचो, तर बोलायचे, "हसा. वरचं कोर्ट कागद वाचतं, खालचं कोर्ट माणूस बघतं. तीनदा पुकारल्याशिवाय निकाल नाय."

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात माझी आठ महिन्यांची पोर तापली. दवाखान्यातून वेलफेअरची बाई आली, पत्र्याची झोपडी बघितली, आतली वाळू बघितली, आणि हिब्रू कागदावर माझी सही घेतली. मला वाटलं दुधाच्या पावडरचा कागद. दुसऱ्या दिवशी पोर उचलून बालगृहात नेली. नवरा फॅक्टरीत, मी एकटी. काका बोलले, "रडू नको बाय. जज्ज तुझं तोंड बघेल."

कसलं बघतोय. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या शिपायाने मला बाहेर बसवलं, नाव येईल बोलला. काका आत मागे बसले. त्या बाईने माझ्या सहीचा कागद दिला, पोर कायमची द्यायला आई राजी म्हणून, आणि जज्जाने पेन उचललं. आईला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाय. पोर माझी आणि निकाल कागदाचा. आठवलं की अजून अंगाची आग होते.

तेव्हा काका उठले. तिसऱ्यांदा माझं नाव पुकारलं तोवर पोलिसाचा हात त्यांच्या तोंडावर होता.

मी धावत आत. जज्ज लालबुंद. इंग्रजीत विचारलं, हा तुझ्या सांगण्यावरून ओरडला? तुझा कोण हा?

मी काकांकडे बघितलंच नाय. बोलले, "माझा कोणी नाय."

मग जज्जाने सगळं विचारलं, सही कशी झाली, पोरीला काय भरवतेस. पोर मिळाली. काकांना दोन दिवस कोठडी.

सुटले ते थेट पोरीला बघायला आले. मी तोंड लपवलं, तर हसले. "अगं, पुकारणाऱ्याला कोर्टात कसलं आलंय नातं?"

हिवाळ्यात गेले. आमच्यात मातीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला मी दारोदार फिरले. सगळ्यांनी विचारलं, तुझे कोण लागत होते? या वेळेला बोलले, माझे.

आता कोणाला त्याचं काय. पण तुम्ही सांगा, तुमची पोर त्या कागदावर असती, जज्जाचं पेन हातात, तर तुम्ही काय बोलला असतात?