बाबांना ऐकवायचा अल्बम

आमच्या मरोद्याच्या क्वार्टरमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाबा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून नाईट शिफ्ट करून येत आणि दुपारपर्यंत झोपत. मी संगीत करायला शिकले ती याच घरात, हेडफोन लावून, आवाज अगदी कमी ठेवून. पुढे दुर्गच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या लग्नाच्या गाण्यांवर ढणढणाट चढवून पोट भरलं, पण माझं स्वतःचं जे होतं ते हळूच राहिलं. सिंथेसायझरचे लांबलेले सूर, मागे पंख्याची घरघर, सगळं ऊबदार, अर्धवट झोपेतलं.

"दिवसभर काय करून राहिली कानाले लावून?" बाबा विचारत. "पूर्ण झालं की ऐकवीन," मी म्हणायची. सात वर्षं हेच म्हटलं. लाज वाटायची, दुसरं काय!

यंदा अल्बम एकदाचा आला, माझ्या एकटीचा, पहिला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. एकानं लिहिलं, झोप यायला बरा आहे. लिहू दे. तो बाबांसाठी होता, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना वेळच वेळ होता.

मिलमध्ये बाबांचा मान कानामुळे. रोल फिरताना नुसत्या आवाजावरून बिघाड सांगत. कानातले बोळे कायम खिशात. "बोळे घातले त मशीन काय म्हणते ते कसं समजंल?" हळूहळू ते ओरडून बोलायला लागले. मिलवाले सगळेच ओरडून बोलतात, म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नाही आणि घरात आपले कुजबुजतच राहिलो.

रविवारी त्यांना खुर्चीत बसवलं, हेडफोन घातले, अल्बम लावला. त्यांनी डोळे मिटले. पहिला ट्रॅक संपला, दुसरा संपला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

तिसऱ्याच्या मध्यावर त्यांनी डोळे उघडले. "कावून थांबली, बाई? लाव ना. मी कवाचा बसून राहिलो."

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मी आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. हेडफोनमधून खोलीभर नुसती चरचर येऊ लागली. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांना कळलं. पुन्हा डोळे मिटून ते मान डोलवायला लागले, बोटांनी मांडीवर ठेका धरला.

"मस्त बनवलं," ते ओरडून म्हणाले.

त्या ट्रॅकमध्ये ठेका नाहीच.