रुमालातली माती

मी कळंबच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. उन्हाळ्यात मांजरेच्या धरणाचं पाणी ओसरलं, की आमच्या गल्लीतले एक म्हातारे आपल्या बुडालेल्या रानात जाऊन येतात आणि माझ्यापुढं दगड ठेवतात. "सर, एवढं बघा की." बहुतेकदा तो साधाच निघतो. ब्रशनं साफ करताना पडलेली काळी माती मात्र ते रुमालात बांधून नेतात. दगड माझ्याकडंच राहतो.

यंदाच्या दगडात बारके शंख होते.

"मामा, हे गोगलगाईंचे जीवाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं तळं होतं."

त्यांनी रुमालाची गाठ चाचपली.

"म्हंजी आधीबी पाणीच व्हतं?"

"हो."

"मग ते गेलं की ओ, सर."