दसऱ्याचं मशीन

मला राग आला की मी आधी माणूस धरते, कारण नंतर शोधते. त्या सकाळी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, लॅपटॉप उघडला तर कर्सर आपला एकटाच धावत सुटलेला. एक अक्षर टाईप करावं तर पुढे वीतभर रिकामी जागा. 'म' तर दाबलाच जाईना. भाषांतराचं माझं पहिलंच मोठं काम, बारापर्यंत पाठवायचं होतं. ज्यांना पाठवायचं, त्यांना दसरा म्हणजे काय ते ठाऊकही नव्हतं.

"कोणी हात लावला माझ्या लॅपटॉपला?" लालबागची आमची अख्खी चाळ ऐकेल अशा आवाजात मी विचारलं.

ओट्याशी खवणीवर बसून नारळ खवणाऱ्या आईने एकदा बाबांकडे बघितलं आणि पुन्हा खवायला लागली.

बाबा संपाआधी मिलच्या साचाखात्यात होते. साचा म्हणजे माग, कापड विणायचं मशीन. दसऱ्याला कामगारांच्या घरची मंडळी मिल बघायला जायची. मी दुसरीत असताना शेवटची गेले होते. साच्यांना झेंडूच्या माळा, माझ्या हातात पेढा, आणि बाबा एका साच्यावर हात ठेवून येईल त्याला सांगत होते, "ह्यो माझो." पुढे संप झाला आणि बाबांचं मिलमध्ये जाणंच संपलं. ते माटुंग्याला एका सोसायटीत वॉचमन झाले. हत्यार म्हणून त्यांच्याकडे राहिला तो साच्याच्या फणीतून धागा ओढायचा एक चपटा हूक. दरवर्षी दसऱ्याला पाटावर तेवढाच ठेवायचे, एक झेंडूचं फूल वाहायचे आणि ड्यूटीवर निघायचे.

त्या वर्षी घरात माझा लॅपटॉप आला. बाबांनी तो स्वतः पाटावर मांडला, चांगला उघडून, माळ घालून. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं. मी आपट्याची पानं घेऊन सोनं वाटायला खाली गेले, त्यामुळे पुढची पूजा काही बघितली नाही.

"काय झालां गो?" आता बाबा जवळ आले.

"बिघडलाय! आणि बारापर्यंत मला..."

"आधी हात काढ. मशीन अडलां की हात काढूचो आणि तोंड बंद ठेवूचा."

मी हात काढला. तोंडाचं काही जमलं नाही. बंद करून चालू केला, तरी कर्सर धावतोच आहे.

"काल चलत होतां मा?"

"काल सकाळी मस्त चालत होता."

"मगे मधी काय झालां?" बाबा कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागले.

मी लॅपटॉप उजेडाकडे तिरका धरला. खालच्या लांब बटणाच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. लाल. कुंकवातला. 'म'च्या खाली दुसरा. अरे देवा!

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबा अजून आठवतच होते, आणि मला भलतीच भीती वाटली. ह्यांना कळलं तर हे पुन्हा कुठल्या मशीनला हात लावायचे नाहीत.

"बाबा, माझंच चुकलं. सकाळी ह्याच्यासमोर पाव खात बसले होते. चुरा पडलाय आत."

बाबांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"लाल चुरो खयच्या पावाचो गो?"

आई इतकी हसली की तिला खवणीवरून उठावं लागलं. मीही हसत सुटले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी डब्यातून हूक काढला, लॅपटॉप बंद करायला लावला आणि बटणाच्या कडेने टोक सरकवून एकेक दाणा बाहेर काढला. जराही घाई नाही. सतरा दाणे निघाले, आणि झेंडूची एक पाकळी. लॅपटॉप चालू केला तर कर्सर शहाण्यासारखा जागच्या जागी लुकलुकत होता. मी ओळभर नुसता 'म' टाईप केला.

"मुठीन टाकलंय मी," बाबा हळूच म्हणाले. "साच्यार टाकतत तशे."

काम बाराला पाच कमी असताना गेलं. मी गॅलरीत जाऊन सकाळच्याच आवाजात ओरडले, "माझ्या बाबांनी लॅपटॉप दुरुस्त केला!" चार दारं उघडली. बाबा आत पेपरामागे लपले.

पुढच्या दसऱ्याला पाटावर पुन्हा एकटा हूक. मी लॅपटॉप उघडून त्याच्या शेजारी ठेवला.

"नको गो. परत अडतला."

"अडू दे! हूक कोणाचा आहे?"

बाबांनी झाकण हलक्या हाताने मिटलं.

"पूजेआधी साचो बंद करूचो असता. मीच इसारलंय. इतकी वर्सां पूजेक मशीन खय होतां?"

त्यांनी झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, त्यावर हात ठेवला आणि माझ्यापुढे तळवा केला.

"अक्षता दी. वायचच घालतंय."