काठाखालची खूण

चित्रकलेचा मास्तर कौतुकाला लवकर भुलतो, आणि मी तर जरा जास्तच. आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या बायका जुन्नरला माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या कंपनीचा लोगो तुमीच काढायचा. तुमच्यासारखा हात न्हाई कुनाचा." मी पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं. बायको आतून म्हणाली, "आधी त्यांचं ऐकून तरी घ्या."

ऐकण्यासारखंच होतं. अकरा बायकांनी मिळून तांदूळ विकायची कंपनी काढली होती. आदल्या वर्षी मंचरला एका प्रदर्शनात त्यांनी पहिल्यांदाच आपला तांदूळ स्वतः विकला. पहिल्या दिवशी तांदूळ घेऊन गेलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच शोधत आली, पण सगळ्याच स्टॉलवर पिशव्या पांढऱ्या. शेजारच्यानं "हाच की तो" म्हणत आपला माल खपवला.

"डोळ्यांदेखत आमचा म्हनून दुसऱ्याचा तांदूळ गेला," अध्यक्षबाई म्हणाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, मोजकंच बोलणाऱ्या बाई. "यंदा वळख पटली न्हाई, तर बाया परत व्यापाऱ्यालाच घालतील. मग कंपनी संपली म्हना."

मी आठ दिवस खपलो. डोंगराची रांग, मागून उगवणारा सूर्य, डोक्यावर भारा घेतलेली बाई, भाताची लोंबी, झाडावर शेकरू आणि वरून कमानीसारखं कंपनीचं नाव. काही म्हणजे काही सोडलं नाही. रंगीत प्रिंट जाड कागदावर काढून घेतली आणि रविवारी घोडेगाववरून, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वाडीवर पोचलो.

बैठक शाळेच्या ओसरीवर होती. लांबलांबच्या घरांतून बायका आलेल्या, म्हणून अंगणात तीन दगडांवर सगळ्यांचं जेवण शिजत होतं. चित्र हातोहात फिरलं. "लई भारी!" म्हणाल्या. मी फुगलो. मग अध्यक्षबाईंनी एकीला ते घेऊन अंगणाच्या पार टोकाला उभं केलं.

"आता बघा, सर."

मी बघितलं. डोंगर, सूर्य, बाई, सगळ्यांचा एकच लगदा झाला होता.

"कालवान सांडल्यावानी दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्खी ओसरी हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग तुम्हीच सांगा काय काढायचं ते," मी म्हटलं.

आणि त्या खरंच सांगायला लागल्या. एक म्हणाली विळा काढा. लगेच दुसरी, "त्यो पक्षाचा झाला." सूर्य? तोही गेला. कपबशी, छत्री, पंखा, जे म्हणून सोपं आणि लांबून ओळखू येणारं होतं, ते कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत उभं राहून गेलेलं. शिडी म्हटल्यावर एक बाई उसळलीच. तिचा नवरा ग्रामपंचायतीला शिडीवर पडला होता. "नाव काढू नका त्या शिडीचं, दोन वरसं माहेरी तोंड दाखवलं न्हाई मी." शेकरूवर तर खटलाच चालला. "फळं कुरतडून टाकतंय मेलं, आन् त्यालाच पिशवीवर मिरवायचं व्हय?" तासभर असं चाललं. आमच्या स्टाफरूममध्ये इतकी धारदार चर्चा मी कधी ऐकलेली नाही, आणि राग कधी गेला ते मला कळलंही नाही.

जेवणं वाढायला वेळ होता म्हणून मी अंगणात उतरलो. चुलीशेजारी भांडी ओळीनं मांडलेली. प्रत्येकाच्या काठाखाली काहीतरी ठोकलेलं किंवा रंगवलेलं होतं. एकावर दोन टिंबं, एकावर फुली, एकावर अर्धा गोल. मी विचारलं. लग्नकार्यात साऱ्या वाडीची भांडी एकत्र येतात, ती परत ज्याच्या त्याच्या घरी जावीत म्हणून घराघराची खूण असते. बुडाला काजळी धरते, म्हणून ती काठाखाली. मी लांब उभा राहून एकेका भांड्याकडे बोट दाखवत गेलो. चुलीपाशी बसलेली बाई भाकऱ्या थापता थापता नुसती मान वर करून घर सांगत होती. एकदाही चुकली नाही.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, की चित्रातलं नको ते काढून टाका, उरेल ते ओळखू यायला हवं. स्वतः मात्र शेकरूसकट सगळं कोंबून आलो होतो. कधी शाळेची पायरी न चढलेल्या या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी ते छिन्नीच्या चार घावांत साधलं होतं. मला त्या भांड्यांना नमस्कार करावासा वाटला.

"अहो, हाच तुमचा लोगो!" मी ओरडलोच.

"पन कुनाची खूण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. एका घराची घेतली की दहा घरं रुसणार. तेवढ्यात माझं लक्ष कडेच्या मोठ्या पितळी पातेल्याकडे गेलं. एका जागी मिळणाऱ्या तीन रेघा आणि खाली एक टिंब. कोंबडीचं पाऊल म्हणा, नाहीतर भाताचं कोवळं रोप.

"ही कुणाची?"

"कुनाचीच न्हाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. धरणाच्या पाण्यात गेलेल्या खालच्या गावातून ते पातेलं कुणाच्या तरी लग्नाला वर आलं होतं आणि राहून गेलं. पुढे गाव उठलं, माणसं पांगली. अध्यक्षबाईंच्या सासूबाईंनी मरताना बजावलं होतं, "येतील न्यायला. नीट ठेव." तेव्हापासून अध्यक्षबाई त्याला न चुकता कल्हई करून घेत होत्या. वाडीच्या कार्याला बाहेर काढायचं, पण स्वतःच्या घरात त्यात कधी काही शिजवलं नव्हतं.

मी तिथंच कागदावर ती खूण काढली. तोल साधायला टिंब जरासं डावीकडे सरकवलं, तेवढी हौस मला आवरली नाही. कागद अंगणाच्या टोकाला धरला आणि सगळ्यांना एकदम पटला. अध्यक्षबाई तेवढ्या जेवताना सारख्या त्या पातेल्याकडे बघत होत्या. हात धुतल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्याची खूण लावनं म्हंजी भांडं चोरल्यावानीच. लावू आपन. पन मालकीन आली आन् नको म्हनली, तर समद्या पिशव्या फाडायच्या. कबूल?"

सगळ्यांनी कबूल म्हटलं. मीही म्हटलं. कोण येतंय एवढ्या वर्षांनी!

त्या हिवाळ्यात पुन्हा मंचरचं प्रदर्शन लागलं. पांढऱ्या पिशवीवर हिरवी खूण. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं लांबूनच "ती कोंबडीच्या पायाची पिशवी" म्हणत सरळ आमच्याकडे यायला लागली. बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते. मीही स्टॉलच्या कडेला उभा राहून कौतुक गोळा करत होतो.

दुपारी एक म्हातारी आली. पुढे जाता जाता थबकली, मागे वळली, आणि पिशवीवरच्या रेघांवरून तिनं बोट फिरवलं.

"ही आमची खूण हाये," ती म्हणाली.

मागे पिशव्यांची थप्पी छातीएवढी उभी. मी पुढे होऊन म्हटलं, "आजी, अशी चिन्हं पुष्कळ असतात..."

"थांबा, सर." अध्यक्षबाईंनी मला हातानं मागे सारलं आणि हात जोडले. "तुमचीच हाये, आत्या. न इचारता लावली आमी. तुमी नको म्हना, आत्ता समद्या फाडतो."

त्या खरंच फाडणार होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज हलला नव्हता. इतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही.

म्हातारीचं पिशव्यांकडे लक्षच नव्हतं. "पातेलं हाये?" तिनं विचारलं.

"हाये की. औंदाबी कल्हई केलीय. कवा घेऊन येऊ?"

म्हातारी तांदळाच्या पोत्यावर बसली. "घर गेलं पान्यात, जातं गेलं. मला वाटलं खूणबी गेली," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "पातेलं ऱ्हाऊ द्या तितंच. येवढ्या पातेल्यात शिजवून घालायला मानसं कुटं हायेत माज्याकडं आता?"

"आन् पिशव्या, आत्या?"

"पिशव्याबी ऱ्हाऊ द्या." तिनं एक पिशवी मांडीवर घेतली आणि निरखून पाहिली. "पन बाय, टिंब चुकलंय. माज्या सासऱ्यानं ते मदोमद ठोकलं व्हतं."

अकरा बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं पेन काढलं, तिच्यासमोर खाली बसलो, ते टिंब खोडलं आणि मधोमध काढलं. तिनं पिशवी हातभर लांब धरून बघितली.

"हां," म्हणाली, "आता वळकली."