निळा पट्टा

पोस्टिंग राजस्थानात. वाळू, उंट आणि आमचे सुभेदार साहेब. पाचला पीटी, सातला चहा, आठला साहेबांचा आवाज. तो आवाज मी हुबेहूब काढायचो. मोडनिंबच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून छड्या खाल्ल्या, फौजेत फ्रंट रोल खाल्ले. सवय काही गेली नाही.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी फौजेत जे हलत नाही त्याला रंग मारतात. माझ्या वाट्याला जनरेटर शेडमधली आग विझवायची सहा सिलिंडरं आली. तीन पाण्याची, तीन पावडरची. उंची एक, आकार एक. ओळखायचं ते लेबलवरनं आणि पावडरवाल्याच्या निळ्या पट्ट्यावरनं. पाणी लाकूड, कापड, कागदाला. डिझेल नाहीतर करंट असेल तिथं पावडर.

शेडचे इन्चार्ज नाईक सिद्राम, वळसंगचे. म्हणाले, "पट्टा राहू दे की रे. लेबल पण."

मी सुभेदार साहेबांच्या आवाजात ओरडलो, "चमकना चाहिए! एकदम दुल्हन!"

ते पोट धरून हसले. "मार बाबा, मार."

मी मारला. सहाच्या सहा लाल.

इन्स्पेक्शन झालं, शाबासकी मिळाली. त्याच दुपारी चौदा दहाला जनरेटरच्या पॅनलमधनं धूर. वायरलेस सेट माझ्याकडं होता.

"कंट्रोल, जनरेटर शेड में आग. ओव्हर."

"साहब की आवाज में बोल ना. ओव्हर."

"मजाक नहीं! आग है!"

सिद्राम उस्ताद ओरडले, "मेन पाड! पळ!"

मेन स्विच शेडच्या मागं. मी पळालो. पॅनलला लागून डिझेलचे ड्रम होते, म्हणून उस्ताद मेन पडायला थांबले नाहीत. पुढचं दारात पहाऱ्यावर असलेल्या संत्रीनं सांगितलं. उस्तादांनी दार पाठीशी ठेवलं, पिन काढली, नळी आगीच्या बुडाला धरली, दांडा दाबला. सगळं शिकवल्यासारखं. पांढरी पावडर यायला पाहिजे होती. पाणी आलं. करंट चालू होता.

मी मेन पाडला तेव्हा चौदा बारा झाले होते. उस्ताद तोवर गेले होते. आग मागून आलेल्यांनी वाळूनं विझवली.

चौकशीत लिहिलं गेलं, नाईकनं चुकीचं सिलिंडर उचललं. मी सावधानमध्ये उभा. रंगाचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आता सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सिक्युरिटीला आहे. नव्या कामगारांना लेबल मोठ्यानं वाचल्याशिवाय सिलिंडरला हात लावू देत नाही. आग छातीच्या वर गेली तर सिलिंडर टाका आणि पळा, हे पण सांगतो. दवाखाना असो, थेटर असो, भिंतीवरचं सिलिंडर फिरवून बघितल्याशिवाय मला बसवत नाही. वळसंगची एसटी मात्र लई दिवस चुकवली.

परवा गेलो. उस्तादांच्या घरी वहिनींना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "भावजी, हे आमच्या लेकीला सांगा. तिला शाळेत म्हणत्यात, तुज्या बापाला वाचता येत नव्हतं."

ती शाळेतनं आली. सांगितलं.

"लिहून द्या," ती म्हणाली. "सही करा."

मी लिहिलं: नाईक सिद्राम, वळसंग. त्यांना वाचता येत होतं. वाचायला मी काही ठेवलं नव्हतं.