परीक्षेची ठेवणीतली पोरं

आमच्या कॉलेजात बालशिक्षणाची पदविका शिकवतात. शिकवतात म्हणायचं आपलं. मी तिथंच नोकरीला आहे म्हणून एवढं बोलते. वर्षाअखेरीस प्रत्येक मुलीनं बालवाडीत एक पाठ घ्यायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'अध्ययन निष्पत्ती' तपासायची, म्हणजे पोरं खरंच काही शिकली का ते बघायचं. हे पाठ दरवर्षी राजारामपुरीतल्या एकाच बालवाडीत होतात. कॉलेजला ती जवळ पडते आणि परीक्षकांना तिथला चहा आवडतो.

त्यामुळं तिथली पोरं परीक्षेत मुरलीत. रंगाचं कार्ड ताईच्या पिशवीतून निघायच्या आधीच 'लाल' म्हणून मोकळी होतात. परीक्षक खूश. पोरांना लाल रंग समजला म्हणे. अहो, सकाळपासून येईल त्या ताईनं तोच दाखवलाय, न समजून सांगतो कुणाला?

यंदा कोडोलीची एक सून शिकायला होती, रोज एसटीनं ये-जा करायची. गावच्या बालवाडीत तिची जागा ठरलेली, फक्त ती पास व्हायची बाकी. सासऱ्यांनी बजावलं होतं, यंदा पास झाली नाहीस तर शिक्षण बंद.

तिनं पिशवीच आणली नाही. पोरांत फतकल मारून बसली आणि म्हणाली, "येताना वाटंत काय बघितलंसा?"

याचं उत्तर पोरांकडून कुणी घोकून घेतलं नव्हतं. मग एक बारकी म्हणाली, "आमच्या आज्ज्याची चप्पल तुटली. एकाच पायात घालून आला त्यो."

"मग दुसरी बी काढायची की," दुसरं पोर म्हणालं.

यावरून अशी जुंपली म्हणता! निम्मी पोरं एकेक चप्पल घालून खोलीभर चालून बघायला लागली. इतक्या वर्षांत त्या खोलीत पोरांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला त्या मुलीचा अभिमान वाटला, सरळ सांगते.

परीक्षक साहेब गुणांच्या तक्त्यावर बोट फिरवत बसलेले. "मॅडम, निष्पत्ती कुठंय? एकाचंही उत्तर बरोबर नाही."

"सर, याला एकच उत्तर नसतंच," ती म्हणाली.

"मग मोजायचं कसं?" असं म्हणून त्यांनी तिला नापास केलं आणि चहात खारी बुडवली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. या माणसानं आयुष्यात कधी तीन वर्षांचं पोर अर्धा तास सांभाळलं असेल तर शपथ.

मी प्राचार्यांशी कडाकडा भांडले. पदरात काय पडलं, तर फेरपाठ. तीच बालवाडी, तीच पोरं, तेच साहेब.

या खेपेला ती पिशवी घेऊन आली. लाल कार्ड काढलं, पोरं 'लाल' म्हणाली. साहेबांनी मान डोलवत रकाने भरले आणि ती पास झाली.

ती कार्डं गोळा करत होती, तेवढ्यात ती चपलेवाली बारकी जवळ आली. "ताई, आज इचारलं न्हाईस, वाटंत काय बघितलं त्ये."

"उद्या इचारते हं," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता पिशवीची चेन लावत राहिली.

"मग उद्या लई बघून येतो की मी," म्हणत बारकी पळाली. दुसऱ्या दिवशी ताई कोडोलीत रुजू होणार होती. साहेब आत आणखी अर्धा कप मागत होते.