दोनदा वाजलेले अडीच

गेर्ब्रिख हुकेमा एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. आमच्या पाणीखात्यात मी लोकांच्या तक्रारी घ्यायचे आणि ती कालव्यांच्या पातळ्यांच्या नोंदी सांभाळायची. बोलायला तुटक बाई, पण पत्राला उत्तर द्यायची ती त्याच दिवशी.

खात्यात दर चार-पाच वर्षांनी नवा प्रोग्राम यायचा आणि जुन्या फायली उघडेनाशा व्हायच्या. गेर्ब्रिखला त्याचा फार राग. शेवटी तिने घरी बसून कोडची एक लायब्ररी लिहिली. इतर प्रोग्रामवाल्यांनी आपल्या कामात ती आयती वापरायची. या लायब्ररीच्या हाती माहिती दिली की ती साध्या मजकुराचा नीट आराखडा करून द्यायची: मोठ्या मथळ्यापुढे एक तारका, पोटमथळ्यापुढे दोन, आणि खाली चौकटी कंसात तारीख, वार, वेळ. कुठल्याही यंत्रावर उघडा, डोळ्यांनी वाचता येणार. नाव ठेवलं ‘रीगे’, म्हणजे आमच्या प्रांतातल्या फ्रिजियन भाषेत ओळ. लायब्ररी तिने सगळ्यांसाठी फुकट, खुली ठेवली.

त्यात एक बारीकसा नियम होता, तो तिच्या वडिलांचा. डाउवे हुकेमा अल्डेसिलच्या जलद्वारावर नोकरीला होते. आमच्याकडे उन्हाळी वेळ संपली की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला घड्याळं एक तास मागे, पुन्हा दोनवर आणतात, म्हणून त्या पहाटे अडीच दोनदा वाजतात. बाकीचे दारवाले गोंधळ करायचे. डाउवे वहीत लिहायचे, ‘पहिले अडीच, दार उघडलं. दुसरे अडीच, दार मिटलं.’ लायब्ररीही तसंच लिहायची. हळूहळू ती दूरदूरच्या देशांत वापरली जाऊ लागली, ती या असल्या नियमांमुळे.

रूर्ड पोस्टुमा आला तो एक चूक दाखवत. मजकुरातली एखादी ओळ तारकेने सुरू झाली की लायब्ररी तिला मथळा समजत होती. त्याने चूक दाखवली आणि दुरुस्तीही पाठवली. ग्रोनिंगेनला शाळेत गणित शिकवायचा, पस्तिशीचा, उंच, हसरा. मग तो महिन्यातून एकदा गाडीने येऊ लागला. दोघं गेर्ब्रिखच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून काम करायचे. म्हातारी त्याला वाटाण्याचं सूप वाढायची, साखरेचा पाव बरोबर बांधून द्यायची. डाउवेंची वही तिनेच त्याला कपाटातून काढून दाखवली होती.

गेर्ब्रिखच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने लायब्ररीत बदल करायचे, नव्या आवृत्त्या काढायचे सगळे हक्क त्याला दिले. मी म्हटलं, “सगळे कशाला? थोडे दे.”

“अगं, मी तीन महिने पडून राहणार. लोकांची कामं अडतील. रूर्ड म्हणजे घरचाच.”

ती काठी टेकत कामावर परतली त्याच आठवड्यात तिला कळलं की आपल्याच लायब्ररीत आपल्याला शिरता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“रूर्ड, मला आत जाता येत नाहीये.”

“हो, ते मी सांगणारच होतो. कंपनीची अट होती, हक्क एकाच माणसाकडे हवेत.”

“कुठली कंपनी?”

“मी जानेवारीपासून जिथे लागलो ती. आता पुढच्या आवृत्त्या त्यांच्याकडूनच निघतील. जुन्या खुल्याच आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही.”

“आणि तो एक माणूस तू.”

“तू आजारी होतीस गं. तुला कशाला त्रास द्यायचा.”

“मी कमरेने आजारी होते, रूर्ड. डोक्याने नव्हते.”

तिने फोन ठेवला आणि डबा न खाताच बंद केला. मी म्हटलं, सगळ्यांना लिहून कळव, बोंब मार. ती म्हणाली, “काय लिहू? चोरी झाली असती तर लिहिलं असतं. मीच दिलं ना त्याला, माझ्या हाताने.”

मे महिन्यात उट्रेख्टला असल्या खुल्या लायब्ऱ्या लिहिणाऱ्या प्रोग्रामवाल्यांचा वार्षिक मेळावा भरला. काठी असल्यामुळे तिने मला बरोबर नेलं. रूर्डचं भाषण होतं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. त्याने मोठ्या पडद्यावर चौकटी कंसातली तारीख दाखवली आणि म्हणाला, “ही लायब्ररी का सुचली ते सांगतो. माझे मामा जलद्वारावर नोकरीला होते. त्यांच्या वहीत एके दिवशी अडीच दोनदा वाजलेले मी पाहिले.”

लोक हसले, कौतुकाने. गेर्ब्रिखने हात वर केला. कुणीतरी तिला माइक आणून दिला.

“तुमच्या मामांच्या जलद्वाराचं नाव काय?”

रूर्डने तिला तेव्हा पाहिलं. मला वाटलं, आता हा अडखळेल. तो सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, “अल्डेसिल.” आणि पुढच्या चित्राकडे वळला.

नंतर कॉफीच्या रांगेत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “ते माझे वडील होते.”

“माहितीय मला. पण लोकांना गोष्ट लागते. कंपनीतले म्हणाले, याला एक चेहरा हवा.”

“मग माझं नाव घ्यायचं होतंस.”

त्याने कॉफी ढवळली. “मग त्यांनी विचारलं असतं, ती आता कुठे आहे.”

गेर्ब्रिख काठी टेकत बाहेर पडली. परत येताना गाडीत म्हणाली, “कोड नेला त्याचं एवढं नाही. माझ्या बापाला स्वतःचा मामा केलं त्याने.”

आईला तिने काही सांगितलं नाही. म्हातारी अधूनमधून विचारायची, तो उंच मुलगा का येत नाही. गेर्ब्रिख सांगायची, कामात असतो.

पुढे तिने शेवटची खुली आवृत्ती घेऊन तीच लायब्ररी दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू केली. आमचं खातं आणि अजून पाच-सात जण, एवढेच तिच्यामागे आले. बाकीचे रूर्डबरोबर गेले. त्यांना काय माहीत.

गेल्या हिवाळ्यात परदेशातून, ब्रनो शहरातून, एका अनोळखी बाईने तिला एक दुरुस्ती पाठवली. नेटकी होती, गेर्ब्रिखच तसं म्हणाली. पाच आठवडे तिने उत्तर दिलं नाही. मग एका दुपारी माझ्या देखत ती दुरुस्ती समोर ठेवून तिने आपल्या लायब्ररीत एक-एक अक्षर स्वतः टंकलं, खाली दुरुस्ती सुचवणारी म्हणून त्या बाईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्या बाईला एकाच ओळीचं पत्र धाडलं: आभारी आहे, पण यापुढे कुणाची मदत घेत नाही.